साठीनंतर ठेक्यावरचा व्यायाम : लेझीम, झिम्मा, पावली आणि तोल

कवायतवाल्या_बाई (मिरज)

आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी मैदानावर साधन कवायत केलेली आहे. लाकडी डंबेल्स एकमेकांवर वाजवत 'एक दोन तीन चार', मग घुंगुरकाठी, आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला की ढोलावर लेझीम. मी ही कवायत शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर इथल्या ज्येष्ठांच्या एका गटाकडून संध्याकाळी तीच करून घेते, वयाला झेपेल अशी बदलून. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

ज्येष्ठांना व्यायाम सांगायचा म्हणजे 'रोज फिरायला जा, प्राणायाम करा' इथेच आपण थांबतो. दोन्ही चांगलंच आहे. पण या वयात घराघरात जी भीती असते ती पडण्याची. बाथरूममध्ये पाय सटकतो, उंबरठ्याला बोट अडकतं, खुब्याचं हाड मोडतं आणि कालपर्यंत स्वतःचं सगळं स्वतः करणारं माणूस कॉटवर येतं. मुलं ग्रॅब बार लावून घेतात, पायपुसणी उचलून ठेवतात. ते करावंच. पण तोल हा शरीरात असतो आणि तो शिकवता येतो, हे फार कमी जणांना पटतं.

माणूस पडतं ते फक्त पायात ताकद नसते म्हणून नाही. चालता चालता कुणीतरी हाक मारली, फोन वाजला, हातातली पिशवी घसरली, की लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं आणि पाय चुकतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधं निरीक्षण मांडलं होतं: चालताना बोलायची वेळ आली की जी वयस्कर माणसं थबकतात, ती पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त असते. मी हे वाचल्यापासून गटात नवं कुणी आलं की त्यांच्याशी गप्पा मारत फाटकापासून हॉलपर्यंत चालत येते. कुणावर जास्त लक्ष ठेवायचं ते तेवढ्यात कळतं.

आता यात संगीत कुठे आलं? जिनिव्हात एमिल जाक-दालक्रोझ नावाचे संगीतशिक्षक होऊन गेले (१८६५ ते १९५०). ताल आधी अंगात मुरावा आणि मग वाद्याकडे जावं, या विचारातून त्यांनी पियानोच्या साथीनं चालण्या-वळण्याची एक पद्धत बसवली. त्याच जिनिव्हात पासष्टीपुढच्या, पडण्याचा धोका असलेल्या १३४ जणांवर या पद्धतीचा प्रयोग झाला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा, एक तास, सहा महिने. एवढ्यानं त्यांचं पडण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आलं. त्यात महत्त्वाचं काय होतं ते बघा. पियानो वाजवणारा मध्येच लय बदलायचा, मध्येच थांबायचा, आणि ऐकून लगेच पाऊल बदलायचं. म्हणजे कान, डोकं आणि पाय तिघांना एकाच वेळी काम. चालताना बोलण्याची जी परीक्षा आहे, तिचाच हा सराव.

पियानो आपल्याकडे नाही, पण ठेका बदलणारी माणसं भरपूर आहेत. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ ढोलकी वाजवतात. ते मध्यम लयीत धरतात, सगळे गोलात चालतात. ढोलकी थांबली की थांबायचं, दोन थापा पडल्या की उलट वळायचं, लय दुप्पट झाली की पावलं छोटी करायची. पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांवर आदळतात आणि खूप हसतात. हळूहळू थांबणं स्वच्छ होतं. पाय जिथे आहे तिथे शरीर सावरून धरायचं, हाच तो तोल.

वर्गाचा क्रम फार आखीव नाही. सुरुवात बसून: खुर्चीत टाचा-चवडे उचलणं, खांदे, मनगटं, अगदी संथ चालीवर. मग खुर्चीतून उठणं-बसणं, ठेक्याच्या चार मात्रांत उठायचं आणि चार मात्रांत बसायचं. हे बसणं चार मात्रांत करायला लावते, कारण धप्पकन बसण्यात मांड्यांना काहीच काम होत नाही. त्यानंतर उभ्यानं आडवी पावलं, मागे पावलं, चवड्यांवर उचलणं. शेवटी पाच-सात मिनिटं खेळ.

खेळ म्हणजे आपले मंगळागौरीचे. झिम्मा या वयाला इतका बेतलेला आहे की मला त्याचं नवल वाटतं. समोरच्याच्या हातावर टाळी, मग आडवी टाळी, एक पाऊल पुढे, एक मागे, भिडू बदल. हात शरीराची मध्यरेषा ओलांडतो, नजर समोरच्यावर राहते, पावलांवर नाही. टिपऱ्याही तशाच. पिंग्यात गुडघे जास्त वाकतात म्हणून तो कमी. फुगडी मात्र मी करू देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. हात सुटला तर काय, या प्रश्नाला साठीनंतर उत्तर नसतं. बसफुगडी आणि कोंबडा तर विचारूच नका.

लेझीम बसून आणि उभ्यानं दोन्ही करतो, पण लोखंडी साखळीची भारी लेझीम नाही, शाळेत मुलांना देतात ती हलकी. ती हातात आल्यावर माझ्याहून वयानं मोठ्या माणसांच्या हातांना पुढचा प्रकार आपोआप आठवतो. साठ वर्षांपूर्वी शिकलेलं अंग विसरलेलं नसतं. ज्या आजोबांना सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, ते लेझमीचे चार प्रकार न चुकता करतात. हे बघताना दर वेळी गळा दाटतो.

तुमच्याकडे कुठे असं काही चालतं का? कुठला ठेका, कुठली गाणी, काय जमलं, काय टाळलंत, ते लिहा. डॉक्टर आणि फिजिओ मंडळींनी तर नक्कीच लिहा.

---

निशिगंध_७

बाई, फार सुंदर लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. तिनं बसल्या बसल्या हातानं घुंगुरकाठीचे आकडे करून दाखवले, मला हे आजवर माहीतच नव्हतं!

एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ महिलांसाठी असंच सुरू करायचं म्हणतोय. वाजवणारं कुणी नाही, स्पीकरच लावावा लागेल. गाणी कशी निवडायची?

---

तबल्याची_जोडी (औंध, पुणे)

गाणी निवडण्याबद्दल थोडं मी सांगतो, आयुष्यभर साथ केली आहे.

गाणं कोणतं यापेक्षा त्याची चाल किती ते आधी बघा. घड्याळ समोर ठेवा, गाण्याबरोबर पाऊल टाकावंसं वाटतं तिथे टाळी द्या, पंधरा सेकंदांत किती टाळ्या झाल्या ते मोजून चारनं गुणा. मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम जोराचं चालणं. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी ८० ते ९० वर सुरू करा, सवय झालेला गट ११० पर्यंत आरामात जातो. सैलावण्यासाठी ६० ते ७०. जास्त जलद गाणं आवडतं असेल तर एका पावलाला दोन मात्रा धरा, गाणं तेच आणि पाय निम्म्या वेगानं.

दुसरं म्हणजे ताल. बाईंची कवायत आठ आकड्यांची आहे, म्हणून आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका तिला अगदी चपखल बसतो. उजवा-डावा, उजवा-डावा सरळ विभागला जातो. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. त्यात एका भागाच्या सुरुवातीला उजवा पाय येतो, तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला डावा. नवख्यांचा त्यात गोंधळ उडतो, पण गट तयार झाल्यावर दादरा मुद्दाम घ्या. वजन दोन्ही पायांवर आळीपाळीनं पडतं आणि डुलण्यासाठी त्याच्यासारखा ताल नाही. सात मात्रांच्या रूपकावर चालायला लावणं म्हणजे बाईंनी लिहिलेल्या जिनिव्हाच्या प्रयोगाच्या फार जवळ जाईल. एकदा करून बघा आणि इथे लिहा, मला मनापासून उत्सुकता आहे.

आणि एक विनंती. रीमिक्स नकोत. ताल इतका भरलेला असतो की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते वयस्कर कानाला लागत नाही. एक ढोलक, एक पेटी, एक आवाज, एवढं पुरे.

---

सांधेजोड (कोल्हापूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा वाचून फार बरं वाटलं. काही गोष्टी काळजीपोटी जोडते.

बाईंचा खुर्चीतून उठण्या-बसण्यावरचा भर अगदी योग्य आहे. आम्ही तपासणीत तीस सेकंदांत हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येतं ते मोजतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं की सुधारणा पेशंटला स्वतःला दिसते, आणि तिच्याइतका हुरूप दुसरं काही देत नाही. फक्त प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या मागे सरकतात आणि कलंडतात. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवूनच हे करा. चाकाची खुर्ची तर चुकूनही नको.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्यासोबत तोल आणि ताकद दोन्हींचा विचार असलेला व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस. लोक पहिला भाग वाचतात आणि दुसरा सोडतात. ठेक्यावरच्या वर्गात दोन्ही एकत्र होतात, ही त्याची खरी जमेची बाजू.

किती जोर लावायचा? बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, ही सोपी खूण. भजनी मंडळातल्या बायका व्यायाम करताना आपोआप गाणं म्हणायला लागतात, तेव्हा पूर्ण ओळ एका दमात येत असेल तर अजून जोर वाढवायला जागा आहे. एक शब्दही नीट येत नसेल तर थांबा. नाडी मोजण्यावर विसंबू नका, कारण मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी दमल्यावरही फारशी वाढत नाही.

संगीताचा एक धोकाही आहे. हलक्या-मध्यम व्यायामात गाणं लावलं की श्रम कमी वाटतात. म्हणून तर लोक टिकून राहतात, पण त्यामुळेच दमलेलं लक्षात येत नाही. दर दोन गाण्यांनंतर आवाज बंद करून मिनिटभर उभं राहा, पाणी प्या, एकमेकांचे चेहरे बघा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटून चक्कर यातलं काहीही झालं तर वर्ग तिथेच थांबवायचा आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं. 'बसा जरा, बरं वाटेल' म्हणून वेळ घालवायचा नाही.

मधुमेहींनी उपाशीपोटी येऊ नये, जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी अजिबात नको. मोजे घालून फरशीवर तर कुणीच नको, सटकतात. आपल्याकडे बऱ्याच हॉलमध्ये चपला बाहेर काढायला लावतात, त्यासाठी कॅनव्हासचे बूट फक्त आत वापरायला म्हणून वेगळे ठेवावेत. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी गोळ्या चालू असलेल्यांना एकदम उठल्यावर अंधारी येऊ शकते, त्यांनी बसून उठताना दोन श्वास थांबावं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कंबरेत खाली वाकून पिळा देण्याच्या हालचाली टाळाव्यात. लेझमीत खाली वाकून वळण्याचा जो प्रकार आहे, तो त्यांच्यासाठी वगळा.

---

स्पष्टोक्ती_नागपूर

धागा चांगला आहे, पण मला एक समजून घ्यायचं आहे. मी निवृत्त झाल्यापासून रोज फुटाळा तलावाकाठी पाऊण तास चालतो. साखर ताब्यात आहे, वजन ताब्यात आहे. मग हे वेगळं कशाला?

आणि नाचण्यानं स्मृतिभ्रंश टळतो असं व्हॉट्सॲपवर सारखं फिरतं. त्यामागचा अभ्यास मी शोधून वाचला. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा. शारीरिक गोष्टींमध्ये फक्त नाच करणाऱ्यांत धोका कमी दिसला हे खरं. पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांचं डोकं आणि गुडघे आधीपासून चांगले आहेत तेच पंचाहत्तरीत नाचायला जातात, असंही असू शकतं. ठेक्यावर हात-पाय हलवले की अल्झायमर होणार नाही असं कुणी ज्येष्ठांना सांगू नये, ही कळकळीची विनंती.

---

कवायतवाल्या_बाई (मिरज)

स्पष्टोक्ती, तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी वर्गात स्मृतिभ्रंशाचं नावही काढत नाही. तोल, ताकद आणि माणसांत येणं, एवढंच आश्वासन देते. जिनिव्हाच्या प्रयोगाचा आधार मी घेतला तो याचसाठी की तिथे निम्म्यांना आधी आणि निम्म्यांना सहा महिन्यांनी शिकवलं होतं. कोण आधी आणि कोण नंतर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. म्हणजे मुळातच तंदुरुस्त असलेले एकाच बाजूला गेले, असं होत नाही.

चालण्याबद्दल: तुमचं चालणं सोडू नका, त्याला तोड नाही. पण फुटाळ्यावर तुम्ही पाऊण तास सरळ, सपाट, एकाच लयीत चालता. घरात माणूस असं चालतच नाही. कपाट उघडताना एक पाऊल मागे घेतो, खुर्ची आणि टेबलाच्या मधून आडवं जातो, कुकरची शिट्टी झाली की गर्रकन वळतो. पडणं होतं ते या पावलांत. आडवं पाऊल टाकायला खुब्याच्या बाजूचे स्नायू लागतात आणि सरळ चालण्यात त्यांना फारसं काम मिळत नाही. रविवारी एक दिवस फिरून आल्यावर, घरातल्या घरात ओट्याला हात लावून, आवडीच्या गाण्यावर आठ पावलं उजवीकडे आणि आठ डावीकडे टाकून बघा. दुसऱ्या दिवशी खुब्याच्या बाजूला जरा भरून आलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर शरीरानंच दिलं असं समजा.

निशिगंध, गाण्यांबाबत तबल्याच्या जोडीनं लिहिलंय त्याला माझी एक पुस्ती. ज्येष्ठ म्हणजे कृष्णधवल जमान्यातली गाणी, असं तरुण मुलं गृहीत धरतात. आज जी बाई पासष्टीची आहे ती १९८० च्या सुमारास वीस वर्षांची होती. तिच्या कॉलेजात, लग्नात, गणपतीत काय वाजत होतं ते तिलाच विचारा. प्रत्येकीकडून दोन गाणी लिहून घ्या आणि आलटून पालटून लावा. आपलं गाणं लागणार म्हटल्यावर बाई आजारी असली तरी निरोप पाठवते, 'माझं उद्या लावा, मी येतेय'.

---

रेवती_तोक्यो

जपानहून लिहितेय. बाईंची साधन कवायत वाचून इथल्या 'राजिओ ताइसो'ची, म्हणजे रेडिओवरच्या कवायतीची फार आठवण झाली. ती १९२८ साली सुरू झाली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या रेडिओ-व्यायामावरून घेतलेली. युद्धानंतर काही वर्षं बंद पडली आणि १९५१ मध्ये नव्या रूपात परत आली. अजूनही एनएचकेवर, म्हणजे इथल्या सार्वजनिक रेडिओवर, रोज पहाटे साडेसहाला लागते. पियानोची तीच चाल, तेच आकडे. पहिला भाग तीन-साडेतीन मिनिटांचाच आहे.

माझ्या घराजवळच्या बागेत ऐंशी-पंचाऐंशीच्या आज्या छोटा रेडिओ घेऊन जमतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची मुलं गळ्यात कार्ड अडकवून येतात, हजेरीचा शिक्का मिळतो. आजी आणि नातू एकाच चालीवर एकच हात वर करतात. टीव्हीवर दाखवतात तेव्हा बाजूला एक जण खुर्चीत बसून तीच कवायत करून दाखवतो, म्हणजे उभं राहता न येणाऱ्यालाही आपण वेगळे पडलो असं वाटत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

आपल्याकडे लेझीम पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना येते. तिचा असा पाच मिनिटांचा एकच ठरलेला क्रम, एकाच वेळी गावोगावी, का होऊ नये? आकाशवाणीची सकाळ तर अजून कितीतरी घरांत लागते.

---

कवायतवाल्या_बाई (मिरज)

रेवती, किती छान कल्पना! बसून आणि उभ्यानं दोन्ही एकाच वेळी, हे मी उद्यापासूनच करणार. आतापर्यंत बसणाऱ्यांचा गट वेगळा ठेवत होतो.

---

अनिरुद्ध_डोंबिवली

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. वय ७४. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारातून जाताना आणि वळताना. काल हा धागा वाचून मी सहज टाळ घेऊन त्यांच्या पुढे चालायला लागलो. बाबा माझ्या मागून दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत न अडकता आले. आई बघतच राहिली. हे खरंच ठेक्यामुळे झालं का? आणि रोज करणं सुरक्षित आहे का?

---

सांधेजोड (कोल्हापूर)

अनिरुद्ध, हो, ठेक्यामुळे. आणि वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पार्किन्सन्समध्ये मेंदूचा जो भाग हालचालीला आतून वेळ पुरवतो, तो दुबळा होतो. बाहेरून पक्का ठेका मिळाला की मेंदू त्याचा आधार घेतो. १९९० च्या दशकात मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं. लयबद्ध आवाजावर चालण्याचा सराव केल्यावर पेशंटच्या चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढलेली दिसली. आज फिजिओथेरपीत ही रुळलेली पद्धत आहे.

रोज करा, पण गोळीचा असर चांगला असतो त्या वेळात करा. बाबांची नेहमीची पावलं मिनिटाला किती पडतात ते मोजा आणि तिथूनच सुरुवात करा, एकदम जलद नको, नाहीतर पावलं छोटी होऊन ते पुढे धावत सुटतील. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्यायचा. तुम्ही पुढे आणि दुसरं कुणीतरी त्यांच्या बाजूला किंचित मागे असावं. फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं, ॲप मिळतं, तुम्ही घरी नसाल तेव्हा आईला तेही पुरेल. तुमच्या न्यूरोफिजिओला याचा व्हिडिओ काढून दाखवा.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं नाव ऐकलं असेल. तिथल्या मंडळींसाठी नर्तक हृषीकेश पवार यांनी नृत्याचा वर्ग चालवला. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या लोकांसाठी असे वर्ग सुरू केले, तेव्हापासून बऱ्याच देशांत ते होतात. मित्रमंडळाशी संपर्क करा, घरच्यांनाही तिथे फार आधार मिळतो.

---

अनिरुद्ध_डोंबिवली

ताई, मनापासून आभार. बाबा गावी असताना दिंडीत टाळ वाजवायचे. आज टाळ त्यांच्याच हातात देऊन बघतो.

---

मांडावयली (फोंडा, गोवा)

आमच्याकडचं धालो कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पौषात, चांदण्या रात्री, गावच्या मांडावर, म्हणजे धालोसाठी ठरलेल्या पवित्र अंगणात, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफतात आणि गाणी म्हणत पुढे-मागे झुकत पावलं टाकतात. एक रांग म्हणते, दुसरी उचलते. माझी आजे सासू काठीशिवाय अंगणातही जात नसे, पण धालोत दोन्ही बाजूंनी हात असल्यामुळे ती तासभर उभी राहायची. पडायला जागाच नसते. गाण्याचे शब्द आठवायचे, पाऊल टाकायचं आणि शेजारणीची लय सांभाळायची, ही तिन्ही कामं एकदमच चालतात. बाईंनी पियानोचं लिहिलंय ते वाचताना मला सारखे धालोच दिसत होते.

व्यायामाच्या वर्गात मांडाची गाणी आणू नयेत असं मला वाटतं, त्यांना देवाचं स्थान आहे. पण हात गुंफून रांगेत चालणं जरूर घ्या. ज्यांना तोलाची भीती आहे त्यांना दोघींच्या मध्ये ठेवा.

---

विरंगुळा_सचिव

आमच्या संघात बायका उत्साहानं येतात, पुरुष मात्र भिंतीला टेकून पेपर वाचत बसतात. 'या वयात नाचायचं का' हेच ठरलेलं उत्तर. कुणाला यावर उपाय सापडलाय का?

---

कवायतवाल्या_बाई (मिरज)

सचिवसाहेब, 'नाच' हा शब्दच काढू नका. त्यांच्या हातात टाळ द्या. वारकऱ्यांची पावली ज्यानं एकदा जवळून पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. टाळ वाजवता वाजवता दोन पावलं पुढे, एक मागे, एका पायावर वजन घेऊन दुसरा हलका उचलायचा, मध्येच उलट फिरायचं. तोलासाठी लागणारं सगळं त्यात आहे, आणि आमच्या भागात सत्तर-ऐंशीची माणसं आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत चालत जाऊन शिवाय पावली खेळतात. आमच्याकडे पुरुष आले ते पावलीमुळे. आता झिम्म्यालाही उभे राहतात, टाळ्या जरा जोरातच देतात.

ज्यांना भजन नको असेल त्यांना काम द्या. ठेका मोजणं, स्पीकर सांभाळणं, उठ-बशीचे आकडे वहीत लिहिणं. काम असलं की माणूस वेळेवर येतो, आणि आला की पाय हलतातच.

---

निशिगंध_७

सगळ्यांचे खूप आभार. सोसायटीत परवानगी मिळाली, पण खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आधीच आली आहे. आणि आमच्यातल्या दोघी श्रवणयंत्र वापरतात, त्यांच्यासाठी आवाज वाढवावा लागेल ना?

---

सांधेजोड (कोल्हापूर)

वाढवू नका. वयानुसार ऐकू कमी येतं ते आधी वरच्या पट्टीतले आवाज आणि व्यंजनं. आवाज मोठा केला की गोंगाट वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. मोठ्या आवाजात श्रवणयंत्रं फाटल्यासारखी वाजतात. त्या दोघींना स्पीकरच्या जवळ, पण तुमचा चेहरा दिसेल अशा जागी उभ्या करा. सूचना तोंडानं ओरडून देऊ नका, हातानं दाखवा आणि पुढची हालचाल येण्याआधी चार मात्रा आधी दाखवा. ठेका कानापेक्षा डोळ्यांनी आणि शेजारणीच्या टाळीनं जास्त पोचतो. आवाज कमी ठेवलात तर खालच्यांची तक्रारही मिटेल. शिवाय स्पीकर जमिनीवर न ठेवता टेबलावर, जाड सतरंजीची घडी घालून ठेवा, म्हणजे धडधड स्लॅबमधून खाली जात नाही.

---

निशिगंध_७

हे लगेच करते. शेवटचा प्रश्न. आईचा उजवा गुडघा मार्चमध्ये बदलला आहे. ती येऊ का म्हणून रोज विचारतेय.

---

सांधेजोड (कोल्हापूर)

सर्जननी आधाराशिवाय चालायला परवानगी दिली असेल आणि जिना एकेक पायरी करून चढता येत असेल, तर त्यांना आणि फिजिओला एकदा विचारून आणा. पहिले काही आठवडे बसूनच सगळं करू दे, रेवतींनी सांगितलं तसं, बाकीच्यांबरोबर त्याच चालीवर. उठ-बस करताना खुर्चीवर एक उशी ठेवून बैठक उंच करा, म्हणजे गुडघा कमी वाकेल. पाऊल जमिनीवर रोवलेलं असताना त्या गुडघ्यावर गिरकी घ्यायची नाही, पाऊल उचलून मगच दिशा बदलायची. झिम्म्यात भिडू बदलताना हेच विसरायला होतं, म्हणून खेळाच्या वेळी तिला जागेवरच उभी ठेवा आणि बाकीच्या तिच्यापुढे फिरत येऊ देत. गुडघ्याला सूज आली किंवा रात्री ठणकायला लागला तर दोन दिवस विश्रांती, आणि मग निम्म्या वेळापासून पुन्हा. सूज उतरली नाही, पोटरी दुखून सुजली किंवा ताप आला तर थेट सर्जनकडे.

---

निशिगंध_७

आईला वाचून दाखवलं. तिनं तिची दोन गाणी लिहून दिली आहेत. सोमवारपासून सुरू करतोय, आधी खुर्च्या भिंतीला लावून.